उभ्या गाडीवर डॅशकॅमची नजर : आधी बॅटरीचा हिशेब

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेला आतून लावायचा कॅमेरा, घेताना बहुतेकांच्या मनात चालत्या गाडीचा अपघात असतो. ठाण्यासारख्या शहरात मात्र गाडीला येणारे पोचे आणि ओरखडे यांतले कितीतरी ती जागच्या जागी उभी असताना आलेले असतात. नौपाड्यातल्या ज्या जुन्या इमारतींना वाहनतळच नाही, तिथल्या रहिवाशांच्या गाड्या रात्रभर रस्त्याच्या कडेला असतात. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत पोडियमवर जागा मिळते खरी, पण दोन खांबांच्या मध्ये गाड्या अशा दाटीने लावाव्या लागतात की शेजारच्याने दार जरा जोरात उघडले तरी ते आपल्या दारावर आपटते. आणि स्टेशनजवळ सकाळी ठेवलेल्या गाडीकडे मालक संध्याकाळी लोकलने परत येईपर्यंत कोणीही पाहत नसते. मग एके दिवशी मागच्या बंपरला पोचा दिसतो, वॉचमनला काही ठाऊक नसते आणि सोसायटीचा कॅमेरा गेटकडे तोंड करून बसलेला असतो. अशा प्रसंगानंतर माणूस डॅशकॅमच्या दुकानात जातो आणि तिथे त्याला कॅमेरा किती पिक्सेलचा आहे ते सांगितले जाते.

उभ्या गाडीच्या बाबतीत पिक्सेलचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न विजेचा आहे, कारण बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन बंद करून चावी काढली की डॅशबोर्डवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटचा पुरवठा तुटतो आणि त्यावर चालणारा कॅमेराही बंद पडतो. कॅमेऱ्याच्या पोटात छोटी बॅटरी किंवा कॅपॅसिटर, म्हणजे थोडीशी वीज साठवणारा भाग, असतो, पण त्याचे मुख्य काम पुरवठा गेल्यावर शेवटची फाइल नीट मिटवण्याचे असते, रात्रभर पहारा करण्याचे नसते. म्हणूनच खोक्यावर ‘पार्किंग मोड’, म्हणजे उभ्या गाडीवर नजर ठेवण्याची सोय, असे ठळक छापलेले असले तरी त्याच्या खाली बारीक अक्षरांत बहुधा असेही लिहिलेले असते की त्यासाठी हार्डवायर किट वेगळे घ्यावे लागेल.

या किटमध्ये एक छोटी डबी आणि तीन वायरी असतात. एक वायर फ्यूजबॉक्समधल्या अशा फ्यूजला जोडायची, ज्याला चावी काढल्यानंतरही वीज मिळत राहते. दुसरी अशा फ्यूजला, ज्याला चावी फिरवल्यावरच वीज मिळते. आणि तिसरी गाडीच्या धातूच्या सांगाड्यावरच्या एखाद्या बोल्टला, म्हणजे अर्थिंगला. दुसऱ्या वायरवरूनच कॅमेऱ्याला कळते की गाडी आता चालू आहे की उभी आहे, आणि त्यानुसार तो आपली पद्धत बदलतो. पहिली आणि दुसरी वायर अदलाबदल झाली किंवा दोन्ही एकाच फ्यूजला जोडल्या, तर कॅमेरा चालू दिसतो पण पार्किंग मोडमध्ये कधीच जात नाही, किंवा गाडी बंद असतानाही दिवसरात्र पूर्ण ताकदीने रेकॉर्डिंग करत बॅटरी उतरवतो. हे काम करून घेताना गाडीच्या मूळ वायरी सोलून त्यांना जोड देऊ नये, असे कारागिराला आधीच बजावावे. त्यासाठी फ्यूज टॅप नावाची छोटी पिन मिळते, जी फ्यूजच्या जागी बसते आणि उद्या काढून टाकली तर मागे खूण राहत नाही. वॉरंटीत असलेल्या गाडीची मूळ वायरिंग कापल्यास पुढे विजेच्या बिघाडाचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. आणखी एक गोष्ट कारागिराच्या शेजारी उभे राहूनच पाहावी : काचेच्या बाजूच्या खांबात ज्या गाड्यांना पडदा एअरबॅग असते, त्यांत वायर त्या एअरबॅगच्या मागून नेली पाहिजे. समोरून नेली तर एअरबॅग उघडताना वायर तिच्या आड येते.

आता डबीकडे येऊ. तिचे खरे काम गाडीच्या बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, मोजत राहणे आणि तो ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की कॅमेऱ्याचा पुरवठा तोडणे हे आहे. काही उंच इमारतींच्या गच्चीवरच्या टाकीत घरांना जाणारी नळी तळापासून बरीच वर बसवलेली असते, म्हणजे रहिवाशांनी कितीही पाणी वापरले तरी आग विझवण्यापुरता साठा खाली शिल्लक राहतो; इथला कट-ऑफ तसाच गाडी स्टार्ट करण्यापुरती वीज राखून ठेवतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. गाडी काही तास उभी राहिल्यावर पूर्ण भरलेली शिसे-आम्ल बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी झालेली असते आणि ११.९ ला व्यवहारात रिकामी. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत अंतर आहे ते एका व्होल्टपेक्षाही कमी. किटवर सामान्यतः ११.८, १२.०, १२.२ किंवा १२.४ असे पर्याय असतात. सर्वांत खालचा आकडा निवडला की रेकॉर्डिंग जास्त वेळ चालते, म्हणून दुकानात तोच लावून देण्याकडे कल असतो, पण ११.८ वर पुरवठा तुटला तर राखून ठेवण्यासारखे काही उरलेलेच नसते. माझ्या मते सुस्थितीतल्या बॅटरीला १२.२ आणि तीन वर्षे झालेल्या बॅटरीला १२.४ हा आकडा ठेवावा. त्यामुळे पहारा लवकर संपतो, हे मान्य करूनच पुढे जावे.

तो किती लवकर संपतो, याचा हिशेब अवघड नाही. पुढचा आणि मागचा असे दोन कॅमेरे मिळून साधारण ०.३ अँपिअर वीज घेतात असे धरू. चोवीस तासांत ते ७.२ अँपिअर-तास होतात. लहान पेट्रोल गाड्यांत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सर्रास असते, आणि तिच्यातले निम्मे, म्हणजे साडेसतराच आपण वापरू द्यायचे आहेत. तेव्हा कागदावर ५८ तास मिळतात. प्रत्यक्षात सेंट्रल लॉक, अलार्म आणि गाडीतले इतर संगणक उभ्या गाडीतही थोडी वीज खात असतात, शहरातल्या लहान फेऱ्यांमुळे बॅटरी शंभर टक्के भरलेली क्वचितच असते, आणि कोकणपट्टीच्या उष्णतेत तिची क्षमता दरवर्षी घटत जाते. त्यामुळे एक-दीड दिवसाचा पहारा मिळाला तरी तो चांगला समजावा.

इथे एक मुद्दा बहुतेक जाहिराती सांगत नाहीत. कट-ऑफमुळे उद्या सकाळी गाडी स्टार्ट होईल याची बरीचशी खात्री मिळते, पण बॅटरीचे आयुष्य टिकेल याची मिळत नाही. शिसे-आम्ल बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली, तर तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसत जातात आणि ती पुन्हा पहिल्याइतकी भरत नाही. आता ठाण्यातल्या एका नेहमीच्या नमुन्याचा विचार करा : सोमवार ते शुक्रवार मालक लोकलने कामावर जातो, गाडी सोसायटीत उभी असते आणि रविवारी येऊरच्या पायथ्यापर्यंत किंवा नातेवाइकांकडे एक चक्कर होते. या गाडीत पार्किंग मोड कायम चालू ठेवला तर मंगळवारी केव्हातरी कट-ऑफ लागेल, बुधवार ते शनिवार कॅमेराही बंद आणि बॅटरीही अर्धी, आणि रविवारची छोटी फेरी ती पूर्ण भरण्यास अपुरी. म्हणजे आठवड्यातून दोन दिवसांच्या पहाऱ्यासाठी बॅटरीचे आयुष्य झिजवले जाते. याउलट जो रोज गाडीने ऐरोलीला किंवा पवईला जातो आणि जाता-येता मिळून दीड-दोन तास इंजिन चालवतो, त्याला हीच सोय विनातक्रार वापरता येते. रोज फक्त स्टेशनपर्यंत दहा-पंधरा मिनिटे जाणारा माणूस या दोघांच्या मध्ये येतो. दिवसभराच्या दहा तासांत कॅमेऱ्याने घेतलेले तीन अँपिअर-तास अर्ध्या तासाच्या प्रवासात कागदावर भरून निघतात. परंतु बॅटरी भरत आली की ती करंट कमी कमी घेऊ लागते आणि शेवटचा हिस्सा भरायला फार वेळ लागतो, म्हणून थोडी तूट रोज साचत राहते.

ज्यांना खरोखरच रात्रंदिवस पहारा हवा आहे, त्यांच्यासाठी वेगळी बॅटरी हा प्रामाणिक उपाय आहे. डॅशकॅमसाठी लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारचे पॅक मिळतात. ते गाडी चालू असताना भरतात, उभी असताना कॅमेऱ्याला वीज देतात आणि गाडीच्या मूळ बॅटरीला हात लावत नाहीत. ते स्वस्त नाहीत. मोबाइलची पॉवर बँक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून तोच हेतू साधण्याचा मोह होतो, पण उन्हात तापलेल्या बंद गाडीत साधी लिथियम-आयन पॉवर बँक ठेवणे धोक्याचे आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनीही गाफील राहू नये : खालची मोठी बॅटरी कितीही मोठी असली तरी डॅशकॅम सहसा वेगळ्या, लहान, १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतो, आणि ती उतरली तर भरलेल्या गाडीचेही दार नीट उघडत नाही.

विजेचा प्रश्न सुटल्यावर कॅमेऱ्याने नेमके काय करायचे हे ठरते. एक पद्धत धक्का बसल्यावर जागे होण्याची आहे. यात कॅमेरा जवळजवळ झोपलेला असतो, वीज फार कमी लागते, मात्र धक्का जाणवल्यानंतर जागे होऊन रेकॉर्डिंग सुरू करायला त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्यात धडक देणारा टेम्पो मागे घेऊन वळलेला असू शकतो, आणि चित्रफितीत रिकामा रस्ता दिसतो. दुसरी पद्धत हालचाल ओळखण्याची आहे, आणि यातल्या चांगल्या कॅमेऱ्यांत बफर असतो : कॅमेरा सतत पाहत असतो, शेवटचे पाच-दहा सेकंद स्मृतीत धरून ठेवतो, आणि काही घडले की ते आधीचे क्षणसुद्धा फाइलमध्ये जोडतो. ओरखडा कोणी काढला हे समजण्यासाठी हेच आधीचे सेकंद मोलाचे असतात. त्यामुळे दुकानात एकच प्रश्न विचारायचा झाला तर बफर आहे का, हाच विचारावा. सतत पाहण्याची किंमत अर्थातच जास्त विजेने मोजावी लागते. तिसरी पद्धत टाइमलॅप्सची. दर सेकंदाला एक चित्र घेतले आणि ती तीस चित्रे प्रति सेकंद या वेगाने दाखवली, तर चोवीस तास ४८ मिनिटांत पाहून होतात. काहीही सुटत नाही असे वाटते, पण वेगाने घासून जाणारी दुचाकी दोन चित्रांच्या मध्येच निघून जाऊ शकते. काही नव्या कॅमेऱ्यांत रडार असते, जे कोणी गाडीजवळ आल्यावर कॅमेऱ्याला जागे करते. वीज वाचवून आधीचे क्षण पकडण्याचा तो सध्याचा बरा तोडगा आहे.

धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता हा आमच्याकडचा खास विषय आहे. ती जास्त ठेवली तर गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशांच्या आणि डीजेच्या हादऱ्यांनी, दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाक्याच्या आसपास, दिवाळीत सुतळी बॉम्बने, आणि एरवी शेजारून जाणाऱ्या डंपरनेसुद्धा कॅमेरा घटना घडली असे समजतो. अशा प्रत्येक वेळची फाइल तो कुलूपबंद करून ठेवतो, म्हणजे नेहमीप्रमाणे जुन्या फायलींवर नव्या चढवताना तिला वगळतो. दोन-तीन दिवसांत कुलूपबंद फायलींचा वाटा भरतो, आणि मग काही कॅमेरे जुन्या फायली पुसतात तर काही नव्या घटना घेणेच थांबवतात. पावसाळ्यात हालचाल ओळखणारा कॅमेरा काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांनी आणि हलणाऱ्या फांद्यांनी असाच फसतो. संवेदनशीलता मध्यम ठेवून सणासुदीनंतर कार्ड तपासणे एवढाच यावर उपाय आहे.

कॅमेऱ्याला काय दिसत नाही, हेही आधीच समजून घ्यावे. पुढचा कॅमेरा समोरचे पाहतो, मागचा मागचे. दाराला झालेला घाव दोघांच्याही दृष्टीबाहेर असतो. तरीही ज्या गाडीने तो केला ती येताना किंवा जाताना एकदा तरी समोरून किंवा मागून जाण्याची शक्यता असते, आणि त्या वेळी नंबर टिपला जातो. नंबरप्लेट वाचता येण्याचे अंतरही खोक्यावरच्या चित्रांवरून वाटते त्यापेक्षा बरेच कमी असते : रुंद कोनाच्या भिंगातून दिवसा काही मीटरवरची प्लेट स्पष्ट दिसते, रात्री पथदिव्याखाली चालत्या गाडीची प्लेट पुसट पट्ट्यासारखी येते आणि हेडलाइट थेट भिंगात पडला तर नुसताच पांढरा ठिपका. म्हणून शक्य असेल तेव्हा गाडी दिव्याजवळ, आणि रहदारी ज्या बाजूने येते त्या बाजूला कॅमेरा राहील अशी लावावी. ज्यांना गाडीवर कव्हर घालण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी तर हा सारा खटाटोप व्यर्थ आहे, कारण कव्हरखाली दोन्ही कॅमेरे राखाडी कापड पाहत बसतात. कव्हर किंवा कॅमेरा, दोघांपैकी एक निवडावे लागते.

एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीच्या काचेलगतचे तापमान साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज जाते. लिथियम बॅटरी असलेला डॅशकॅम अशा उष्णतेत फुगू शकतो, आणि फुगलेला कॅमेरा ताबडतोब काढून टाकावा. उभ्या गाडीसाठी घेताना कॅपॅसिटर असलेलाच घ्यावा. मेमरी कार्डही सततच्या लिहिण्यासाठी बनवलेले, म्हणजे हाय एंड्युरन्स प्रकारचे असावे. मोबाइलमधले साधे कार्ड काही महिन्यांत मुकाट्याने लिहिणे बंद करू शकते आणि ते नेमके गरजेच्या दिवशी लक्षात येते. १०८० पी दर्जाच्या चित्रणाला तासाला सुमारे पावणेसात जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात एका कॅमेऱ्याचे साधारण नऊ तास मावतात. रात्रभर सतत चित्रण करायचे तर १२८ जीबीच्या खाली जाऊ नये.

मोबाइलवर तत्काळ सूचना देणाऱ्या कॅमेऱ्यांविषयी थोडक्यात एवढेच की त्यासाठी कॅमेऱ्यात सिमकार्ड लागते, वीज आणखी लागते, आणि तळघरात किंवा पोडियमच्या आतल्या कोपऱ्यात नेटवर्क नसेल तर सूचना येतच नाही. नुसते वायफाय असलेल्या कॅमेऱ्याशी बोलायला गाडीजवळच जावे लागते.

समजा, सगळे जमून आले आणि नंबर मिळाला. पुढे काय? विम्यातून स्वतःच्या नुकसानीचा दावा केला तर पुढच्या नूतनीकरणाला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्यावर येतो. हा बोनस पहिल्या दावाविरहित वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के असतो. शिवाय लहान गाड्यांना पहिले १,००० आणि १५०० सीसीच्या वरच्या गाड्यांना पहिले २,००० रुपये स्वतःच भरावे लागतात. त्यामुळे चार-पाच हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी दावा करणे अनेकदा तोट्याचे ठरते, आणि अशा वेळी चित्रफीत दाखवून समोरच्याशी आपसांत खर्च भरून घेणे हाच तिचा सर्वांत व्यवहार्य उपयोग असतो. शेजाऱ्याला “काका, हे बघा, परवा रात्रीचं आहे” असे म्हणून शांतपणे फीत दाखवली की सोसायटीतली निम्मी भांडणे तिथेच मिटतात, असा निदान माझा समज आहे.

प्रकरण मोठे असेल आणि पोलिसांकडे किंवा न्यायालयात जायचे असेल, तर फीत हाताळण्याची शिस्त पाळावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून सादर करताना सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, नमूद करावी लागते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब मध्येही प्रमाणपत्राची अट होतीच. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले, आणि तिथेही वाद कॅमेऱ्याच्या चित्रणाचाच होता. व्यवहारात याचा अर्थ असा की घटना लक्षात येताच कार्ड काढून घ्यावे, कॅमेऱ्यात दुसरे घालावे, मूळ फाइल कापू नये, आणि व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत पुरावा समजू नये, कारण तिथे फाइल दाबून लहान केली जाते आणि हॅश बदलते. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे असेल तर सगळ्या चित्रणावर शंका येते. बॅटरी बदलल्यावर ते पुन्हा लावून घ्यावे.

खासगीपणाबाबत कायदा आणि शेजारधर्म या दोन्हींचा विचार करावा लागतो. वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी एखाद्या व्यक्तीने हाताळलेली माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. परंतु तीच फीत सोसायटीच्या गटावर किंवा समाजमाध्यमांवर टाकली की ती घरगुती राहिली असे म्हणणे कठीण होते. तळमजल्यावरच्या घराच्या खिडकीसमोर गाडी लागत असेल तर पार्किंग मोडमध्ये आवाजाचे रेकॉर्डिंग बंद ठेवावे, आणि रात्रंदिवस चालणारा कॅमेरा गाडीत आहे हे त्या घरी सांगून ठेवावे.

बसवून झाल्यावर कारागिराला पैसे देण्याआधी एक चाचणी करावी. गाडी बंद करून, दारे लॉक करून दहा मिनिटे थांबावे, बंपरवर तळहाताने जोरात थाप मारावी, समोरून चालत जावे, आणि मग कार्ड काढून मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर ती फाइल खरोखर तयार झाली आहे का, तिच्यात थापेच्या आधीचे क्षण आहेत का, आणि वेळ बरोबर आहे का ते पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी स्टार्ट करण्यापूर्वी, मल्टिमीटरने बॅटरीचा दाब मोजावा. तो १२.२ च्या खाली असेल तर एकतर कट-ऑफ नीट लावलेला नाही किंवा बॅटरी बदलायला आली आहे, आणि यांपैकी काय खरे आहे ते कळेपर्यंत पार्किंग मोड बंद ठेवणे बरे.